कपड्यांना चिकटणारी ही वनस्पती कोणती? आधी पाहा, नेमकं काय चिकटतंय

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. कुंपणालगत गेल्या काही आठवड्यांत एक हिरवी, लांबुडकी वनस्पती भराभर वाढली आहे. ती स्वतः उभी राहत नाही, शेजारच्या झाडांवर रेलून वर जाते. जवळून गेलं की पँटला, बाहीला आणि कुत्र्याच्या अंगाला चिकटते. खोड चौकोनी आणि खरखरीत आहे. पेरापेरावर सहा ते आठ अरुंद पानं चक्रासारखी आहेत, फुलं पांढरी पण अगदी बारीक. एकाने ती मंजिष्ठा असल्याचं सांगितलं, दुसऱ्याने आघाडा, आणि मोबाइलच्या अ‍ॅपने तीन फोटोंना तीन नावं दिली. तर ती कोणती, खाता येते का, आणि काढायची असेल तर कधी?

उत्तर हवंच असेल तर आधीच देऊन टाकते: तुमच्या वर्णनावरून ती गॅलियम अपॅरिनी असावी. इंग्रजीत तिला क्लीव्हर्स म्हणतात. पण हे नाव मी चिकटण्यावरून दिलेलं नाही. चिकटणाऱ्या वनस्पती ढीगभर आहेत आणि त्यांची एकमेकींशी नातीसुद्धा नाहीत. नवशिके नेमके इथेच फसतात. 'चिकटते' हा एकच गुण मनात धरतात आणि चिकटणारी जी वनस्पती आधीपासून ठाऊक असते तिचं नाव देऊन मोकळे होतात. तुम्हाला आघाडा सांगणाऱ्याचं बहुधा तेच झालं.

वनस्पती ओळखायचं काम मी बरीच वर्षं करते आहे, शिकवलंही आहे. चिकटणारी वनस्पती कोणी हातात दिली की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: तिचा कोणता भाग चिकटतोय? आघाड्याचं पान तुम्ही शर्टावर दिवसभर घासलं तरी ते चिकटणार नाही. चिकटतात ती त्याच्या लांब तुऱ्यावरची, खाली वळलेली, टोकदार फळं. लांडगा नावाच्या तणाचंही तसंच, बोराएवढं काटेरी फळ केसांत अडकतं, झाड आपलं निवांत उभं असतं. कुसळी गवताचं कुसळ तर अडकत नाही, घुसतं. दुसरा प्रकार गोंदाचा. चित्रकाच्या फुलाखालच्या नळीवर किंवा पुनर्नवेच्या फळावर चिकट ग्रंथी असतात, बोट लावलं की ओलसर चिकटपणा कळतो. आणि तिसरा प्रकार तुमच्यासमोर आहे: खोड, पान, फळ सगळंच चिकटतं, पण हाताला ओलं काही लागत नाही. संपूर्ण अंगावर बारीक आकड्या आहेत. हा तिसरा प्रकार तुलनेने कमी वनस्पतींत दिसतो, त्यामुळे एका फटक्यात आपली यादी खूप लहान होते.

एक साधी चाचणी करून पाहा. फळ, फूल काही नसलेला वीतभर तुकडा तोडा आणि सुती शर्टावर टाका. तो लटकून राहिला तर चिकटणं फळापुरतं नाही. मग खोडावरून बोट हलकेच फिरवा, आधी वरून खाली, मग खालून वर. वरून खाली येताना फारसं काही जाणवणार नाही. खालून वर जाताना कानशीवरून बोट न्यावं तसं अडकेल, कारण खोडाच्या चारही कडांवरचे काटे खाली वळलेले असतात. वेलीला वर चढायचं आहे आणि घसरायचं नाही, त्या हिशेबाने आकड्यांची दिशा बरोबर आहे.

पानांची गंमत याहून जास्त आहे, आणि मला विचाराल तर या वनस्पतीत पाहण्यासारखं खरं तेच आहे. पान चिमटीत धरून खालच्या बाजूने बोट देठाकडून टोकाकडे न्या. बोट अडकेल, कारण तिथल्या आकड्या देठाकडे वळलेल्या आहेत. आता पानाच्या वरच्या बाजूने तसंच करा. बोट सरकून जाईल, कारण वरच्या आकड्यांचं तोंड पानाच्या टोकाकडे आहे. एकाच पानाच्या दोन बाजूंना आकड्या उलट दिशांना का? शेजारच्या झाडाच्या पानावर हिचं पान वरून टेकलं, तर खालच्या आकड्या ते धरून ठेवतात. हिचं पान दुसऱ्याच्या पानाखाली सापडलं, तर वरच्या आकड्या त्याला सहज निसटू देतात. वाऱ्याने हलता हलता पान हळूहळू शेजाऱ्याच्या वर येतं आणि तिथेच राहतं, म्हणजे ऊन मिळतं. स्वतःचं जाड खोड बांधण्याचा खर्च न करता उजेडात पोहोचायची ही युक्ती आहे. वर्षभरात जन्मून, बी टाकून मरून जाणाऱ्या वनस्पतीला ती फारच सोयीची. कपड्यांना चिकटणं हा त्यातला जोडफायदा आहे, आणि तो मुख्यतः फळांच्या कामाचा.

आता मंजिष्ठेचं पाहू. ज्याने मंजिष्ठा सांगितली तो आघाडावाल्यापेक्षा बराच जवळ पोहोचला होता, हे कबूल करायला हवं. दोघी एकाच कुळातल्या, म्हणजे रुबिएसी कुळातल्या. कॉफी, कदंब, अनंत, गेळ हीसुद्धा याच कुळातली. मंजिष्ठेचं खोडही चौकोनी आणि खरखरीत असतं, तीही दुसऱ्यांवर चढते, तिचीही पानं चक्रात येतात. पण चक्रात चारच पानं असतात. ती हृदयाकृती असतात, त्यांना लांब देठ असतो आणि पानाच्या तळातून अनेक शिरा निघतात. तुमच्या वनस्पतीचं पान अरुंद आहे, देठ जवळजवळ नाही, मधोमध एकच शीर आहे. पान टोकाकडे किंचित रुंद होतं आणि अगदी टोकाला एक बारीक काटा असतो. मंजिष्ठेचं फळ गुळगुळीत आणि मांसल असतं, पिकलं की काळं-जांभळं होतं. गॅलियमचं फळ कोरडं आणि आकड्यांनी भरलेलं असतं. शिवाय मंजिष्ठा बहुवर्षायू आहे, गॅलियम अपॅरिनी एका हंगामाची.

इथे एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. चक्रात दिसणारी ती सहा-आठ पानं खरं तर सगळी पानं नाहीत. रुबिएसी कुळात पानं समोरासमोर, दोन-दोन येतात आणि दोन देठांच्या मधल्या जागेत उपपर्णं, म्हणजे पानाच्या बुडाशी येणारे लहान पानासारखे भाग, असतात. कदंबाच्या कोवळ्या फांदीवर ती स्पष्ट दिसतात. गॅलियममध्ये ही उपपर्णंच पानांएवढी मोठी होऊन चक्रात बसली आहेत. शोधून पाहायचं असेल तर बाजूच्या फांद्या कुठून फुटतात ते बघा. एका पेरावर फक्त समोरासमोरच्या दोनच पानांच्या बेचक्यांतून फांद्या आणि फुलांचे दांडे निघतात. ती दोन खरी पानं, बाकीची सोंगं. विद्यार्थ्यांना मी हे आधी सांगत नसे, शोधायला लावत असे. कोणी ना कोणी अर्ध्या तासाने ओरडायचंच, "मॅडम, इकडे फक्त दोनच!"

फूल पाहायला भिंग लागेल. दहा पट मोठं दाखवणारं साधं भिंग पुरतं. पांढरं, चार पाकळ्यांचं, साधारण 2 मिलिमीटर रुंद. पानांच्या बेचक्यातून निघालेल्या दांड्यांवर दोन-चार फुलं असतात. फूल गळायच्या आधीच त्याच्याखाली जुळ्या मण्यांसारखं फळ दिसू लागतं. दोन गोल भाग एकमेकांना चिकटलेले, प्रत्येक साधारण 3 ते 4 मिलिमीटरचा, वर पांढुरक्या वाकड्या आकड्या. कधी कधी त्यातला एक भाग वाढत नाही आणि एकच मणी दिसतो. त्यामुळे 'माझ्याकडे तर एकच आहे' म्हणून गोंधळू नका, दहा-वीस फळं पाहा. एका फळावरून निकाल देणं मी कधीच सोडून दिलं आहे.

कोवळं रोप असेल तर ओळख आणखी सोपी, पण तेव्हा तिकडे कोणी बघत नाही. पहिली दोन बीजपत्रं अंडाकृती, गुळगुळीत आणि आजूबाजूच्या इतर रोपांच्या मानाने मोठी असतात, आणि त्यांच्या टोकाला स्पष्ट खाच असते. त्यावर येणाऱ्या पहिल्या चक्रात चारच पानं असतात. सहा, सात, आठ नंतर. म्हणजे 'चार पानं म्हणजे मंजिष्ठा' हा नियम अगदी कोवळ्या रोपाला लावू नका.

आता मी अडखळते ती जागा. 'असावी' म्हटलं, 'आहे' म्हटलं नाही, त्याला कारण आहे. तुम्ही कुठे राहता ते लिहिलेलं नाही, आणि माझ्या मते ओळखीतला अर्धा पुरावा ठिकाणाचा असतो. गॅलियम अपॅरिनी ही थंड आणि समशीतोष्ण हवेची. युरोपभर, पश्चिम आणि उत्तर आशियात, उत्तर अमेरिकेत ती सर्रास आढळते, आपल्याकडे हिमालयात. थंड हवेच्या देशातल्या बागेतून तुम्ही लिहीत असाल तर माझी खात्री बरीच वाढते. दख्खनच्या पठारावरून किंवा कोकणातून लिहीत असाल, तर मी फोटोवर समाधान न मानता वनस्पतीच हातात घेऊन पाहीन.

दुसरं कारण तिच्या सख्ख्या बहिणी. गॅलियममध्ये शेकडो जाती आहेत. त्यातल्या पुष्कळ जणी एका नजरेत बाद होतात. ज्यांचं खोड गुळगुळीत आणि फुलांचे मोठे पांढरे झुबके, त्या बहुधा बहुवर्षायू, कुंपणावरच्या वेगळ्या जाती. सावलीत, झाडांखाली, नीट उभी राहणारी, वाळल्यावर ताज्या गवतासारखा गोड वास येणारी, ती गॅलियम ओडोरॅटम. तिच्या फळांवरही आकड्या असतात, पण खोड हाताला ओरखडत नाही. शेतात एक जात येते तिच्या फळांचे दांडे खाली वाकतात आणि फळांवर आकड्यांऐवजी खडबडीत पुळ्या असतात. ती गॅलियम ट्रायकॉर्न्यूटम.

खरी डोकेदुखी गॅलियम स्प्युरियमची. तीही वार्षिक, तीही चिकटते, तिचीही पानं तशीच. फरक बारीक आहेत: फुलं अधिक लहान आणि पांढऱ्यापेक्षा हिरवट-पिवळसर, फळं लहान. अपॅरिनीच्या फळावरची प्रत्येक आकडी बुडाशी फुगलेली असते, जणू एका लहानशा पुळीवर उभी. स्प्युरियममध्ये बुड असं फुगत नाही. हे भिंगाशिवाय दिसत नाही, आणि कच्च्या फळावर तर भिंगानेही फसायला होतं. काही वनस्पतिशास्त्रज्ञ दोघींना एकाच जातीचे प्रकार मानत आले, हेही लक्षात ठेवा. मी एकदा फळं नसलेल्या नमुन्यावर ठामपणे 'अपॅरिनी' लिहून हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातल्या, कागदावर चिठ्ठी लावली होती. काही महिन्यांनी त्याच जागेवरून फळांसकट नमुना आला आणि चिठ्ठी बदलावी लागली. जुनी चिठ्ठी काढायची नसते, तिच्याखाली नवी लावायची असते. त्यामुळे ती चूक अजून तिथे आहे, माझ्याच अक्षरात. तेव्हापासून फळ हातात येईपर्यंत मी 'गॅलियम, अपॅरिनी गट' एवढंच लिहिते. बागेपुरता विचार केला तर दोघींत फरक करून तुम्हाला मिळणार काही नाही. काढायची पद्धतही तीच.

अ‍ॅपचं थोडं. त्याला दोष देऊ नका, फोटो बघा. तिन्ही फोटो तुम्ही उभं राहून, वरून काढले असणार: हिरव्या गर्दीत हिरवी वेल. त्याला ना काटा दिसला, ना फळ. पुढच्या वेळी एक फोटो एकाच पेराचा काढा, मागे पांढरा कागद धरून. दुसरा फळाचा, शेजारी मोजपट्टी ठेवून. तिसरा जमिनीलगतच्या भागाचा, मुळासकट. सगळी वनस्पती दाखवणारा चौथा काढलात तर उत्तम.

नावांचाही घोळ आहेच. मराठीत हिला सर्वमान्य नाव नाही, म्हणून मी शास्त्रीय नाव वापरते आहे. इंग्रजीत डझनभर आहेत आणि त्यातलं 'गूसग्रास' तर धोकादायक, कारण एल्युसिनी इंडिका नावाच्या खऱ्याखुऱ्या गवतालाही तेच म्हणतात. आपली ही वनस्पती गवत नाहीच. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनियसने 1753 मध्ये जे शास्त्रीय नाव दिलं त्याचा पहिला भाग दुधासाठीच्या ग्रीक शब्दावरून आला, कारण याच प्रजातीतली एक पिवळ्या फुलांची जात दूध विरजायला वापरत. 'अपॅरिनी' हे जुनं ग्रीक नाव, धरणं-पकडणं या अर्थाचं. डायोस्कोरिडीस हा ग्रीक वैद्य पहिल्या शतकात लिहितो की मेंढपाळ हिच्या जुड्या करून दुधातले केस गाळून घेत. तिला 'माणसावर प्रेम करणारी' अशा अर्थाचं एक नावही होतं. मला ते फार आवडतं. आणि हो, वेल्क्रोची कल्पना हिच्यावरून सुचली असं कोणी सांगितलं तर ऐकून सोडून द्या. जॉर्ज द मेस्ट्राल या स्विस अभियंत्याने 1941 साली कुत्र्याच्या अंगावरून काढून पाहिली ती बर्डॉक नावाच्या वेगळ्याच वनस्पतीची काटेरी फळं होती. प्रत्येक चिकटणाऱ्या वनस्पतीला लोक ती गोष्ट चिकटवतात.

खाण्याबद्दल. फळ धरायच्या आधीचे कोवळे शेंडे शिजवून खाण्याची पद्धत युरोपात जुनी आहे. कच्चे खाल्ले तर आकड्या घशाला लागतात. पक्की फळं भाजून, दळून कॉफीसारखं पेयही करतात. कॉफीच्याच कुळातली म्हटल्यावर ते फारसं नवल नाही. तरी तुम्हाला मी आज 'खा' म्हणणार नाही. एक तर तुमची ओळख अजून फोटोवरची आहे. दुसरं म्हणजे कुंपणालगत कोणी तणनाशक मारलं आहे का, कोणाची कुत्री तिथे जातात, हे मला ठाऊक नाही. काही जणांच्या त्वचेवर हिच्या नुसत्या स्पर्शाने लाल ओरखडे आणि खाज येते, तुम्हालाही येत असेल तर प्रश्नच मिटला. औषधी उपयोगांची लांब यादी वाचली असेल, लघवी साफ होण्यापासून सूज उतरण्यापर्यंत. तो जुना लोकोपयोग आहे, एवढंच मी त्याबद्दल म्हणेन. ओळख सांगणाऱ्याने डोस सांगू नये.

काढायची असेल तर वेळ एकच: फळं तयार व्हायच्या आत. मुळं उथळ आणि बारीक असतात, ओल्या मातीतून सहज येतात. मात्र वर धरून खेचलं तर नाजूक खोड जमिनीलगत तुटतं आणि उरलेलं पुन्हा फुटतं. म्हणून हात खाली घालून बुडाशी धरा. वरचा भाग आपसात इतका गुंतलेला असतो की गुंडाळी करत गेलात तर गालिचा उचलावा तसा एकत्र येतो. लांब बाह्या आणि हातमोजे घाला, नाहीतर मनगटांवर ओरखडे उठतील. फळं धरलेली असतील तर कंपोस्टमध्ये टाकू नका. एकेका मोठ्या रोपावर काहीशे बिया असू शकतात. दिलासा असा की बी मातीत फार वर्षं टिकत नाही, बहुतेक दोन-तीन वर्षांत संपतं. सलग दोन-तीन हंगाम फळ धरू दिलं नाहीत तर फरक डोळ्यांना दिसतो. रोपं शरद ऋतूपासूनच उगवू लागतात आणि वसंतात आणखी येतात, त्यामुळे एकदा उपटून पाठ फिरवू नका. खोलवर पडलेलं बी सहसा वर येत नाही, जमीन उगाच खणलीत तर मात्र तुम्हीच त्याला वर आणाल. कुंपणाखाली पालापाचोळ्याचा जाड थर द्या, खणू नका.

कुत्र्याचं तुम्ही ओझरतं लिहिलंय, पण माझ्या दृष्टीने ओळख पक्की करण्याचं सगळ्यात निकडीचं कारण तेच. गॅलियमची फळं केसांच्या पृष्ठभागावर अडकतात. कोरडे असतानाच बारीक दातांच्या फणीने, बुडाशी केस धरून काढली की निघतात. ओले करून ओढलंत तर गुंता वाढतो. कुसळाचं तसं नाही. टोकदार कुसळ कातडीत, कानात किंवा पंजाच्या बोटांमध्ये शिरतं आणि पुढेच सरकत जातं, मागे येत नाही. तेव्हा आज संध्याकाळी कुत्र्याच्या अंगावरून जे काढाल ते फेकण्याआधी पांढऱ्या कागदावर ठेवून पाहा. जुळे गोल मणी दिसले तर फणी पुरे. लांब, एका टोकाला सुईसारखं आणि मागे शेपटी असलेलं काही दिसलं, आणि कुत्रा कान झटकत किंवा पंजा चाटत असेल, तर स्वतः चिमटा घालत बसू नका, त्याला पशुवैद्याकडे घेऊन जा.